रिस्टार्ट मारायच्या आधी कर्नलला विचारा: चालू प्रोसेसची माहिती थेट कशी काढायची

देवगडच्या पट्ट्यात आंब्याच्या पॅकिंग शेडमधली कॉम्प्युटरची कामं मी बघतो. मार्च लागला की मे अखेरपर्यंत फोन सुरू, आणि बहुतेक फोनची सुरुवात एकच, "बंद करून परत चालू केलंय, तरी तसोच आसा." हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण बंद केलं त्या क्षणी आत काय चाललं होतं, कोण अडकलं होतं, कोणी मेमरी खाल्ली होती, ते सगळं पुसलं गेलं. मी बाईक मारत घाटी उतरून तिथे पोचतो तेव्हा मशीन शहाण्यासारखं चालत असतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक दारात उभा असताना परत तेच.

म्हणून हे लिहितोय. लिनक्सच्या मशीनवर कुठली प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, काय करतेय ते थेट कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडून, कसं काढायचं. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, नेट लागत नाही, फक्त टर्मिनल उघडता यायला हवं. कमांड मी देवनागरीतच लिहितोय, फोनवर शेडमधल्या पोरांना तोंडी सांगतो तशाच. टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे, आणि वेगळं सांगितलं नाही तर सगळं स्मॉलमधे. जिथे स्पेलिंगचा गोंधळ होईल तिथे फोडून सांगतो.

पहिली कमांड:

एलएस /प्रॉक

प्रॉक म्हणजे पी आर ओ सी. आकड्यांच्या नावाचे ढीगभर फोल्डर दिसतील, १, २, ८४७, २३१७ असे. प्रत्येक आकडा म्हणजे एका चालू प्रोसेसचा नंबर, पीआयडी. त्या फोल्डरच्या आत त्या प्रोसेसची सगळी कुंडली फाईलींच्या रूपात असते. आता त्यातल्या कुठल्यातरी फोल्डरवर एलएस मायनस एल मारा, बहुतेक फाईलींची साईज शून्य दिसेल. पहिल्यांदा बघणारा म्हणतो ह्या तर रिकाम्या आहेत. रिकाम्या नाहीत, त्या डिस्कवर नाहीतच. तुम्ही फाईल उघडून वाचायला घेता त्या क्षणी कर्नल आपल्या आतल्या नोंदी बघून मजकूर तयार करतो आणि तुमच्या हातात देतो. तलाठ्याकडचा सातबारा कधीकधी दोन वर्षं जुना निघतो, वारस नोंद व्हायची राहिलेली असते, पण हा उतारा तुम्ही मागितलात त्या क्षणीच लिहिला जातो, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

ही सोय आधीपासून नव्हती. जुन्या युनिक्सवर, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजावर, प्रोसेसची यादी दाखवणारी पीएस कमांड कर्नलची मेमरी सरळ उघडून वाचायची, कर्नलच्या बायनरीतून, म्हणजे कंपाईल झालेल्या फाईलीतून, पत्ते शोधायचे आणि त्या पत्त्यावर जाऊन आकडे उचलायचे, कर्नल बदलला की पीएस परत कंपाईल करा, आणि त्यासाठी पीएसला खास परवानगी द्यावी लागायची ती वेगळीच. १९८४ मधे बेल लॅब्सच्या टॉम किलियनने प्रोसेस म्हणजे फाईल अशी कल्पना मांडली, ती युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत आली, पुढे बेल लॅब्सच्याच प्लॅन ९ ह्या ऑपरेटिंग सिस्टीमने प्रत्येक प्रोसेसचा वेगळा फोल्डर केला आणि लिनक्सने तोच रस्ता पकडला. आज पीएस, टॉप, एचटॉप, पीग्रेप हे सगळे इथूनच वाचतात. खात्री करायची असेल तर एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारं टूल, टाकून त्याच्यामार्फत पीएस चालवून बघा, एकामागून एक /प्रॉक मधल्या फाईली उघडताना दिसतील. मग प्रश्न असा की पीएस आहे तर फाईली कशाला वाचायच्या? कारण पीएस तुम्हाला त्याच्या मनाने निवडलेलं दाखवतो, आणि अडचणीच्या वेळी हवी असलेली ओळ नेमकी त्याने न दाखवलेल्या भागात असते.

सरावासाठी स्वतःच्याच शेलपासून, म्हणजे टर्मिनलमधे तुमच्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमपासून, सुरू करा. इको डॉलर डॉलर मारलं की शेलचा पीआयडी मिळतो, समजा ५१२० आला. मग:

कॅट /प्रॉक/५१२०/स्टेटस

ही फाईल माणसाने वाचायसाठी बनवलेली आहे, एका ओळीत एक गोष्ट. नाव, स्टेट, पीआयडी, पीपीआयडी म्हणजे ज्याने हिला जन्म दिला त्या प्रोसेसचा नंबर, कुठल्या युजरची आहे, किती थ्रेड म्हणजे आत समांतर चालणारे कामाचे धागे, किती मेमरी. हळूहळू सगळ्या ओळी ओळखीच्या होतील, पण पहिल्या दिवसापासून बघायची ओळ म्हणजे स्टेट.

स्टेटमधे एक अक्षर असतं. आर म्हणजे चालू आहे किंवा सीपीयूच्या रांगेत आहे. एस म्हणजे झोपलीय, काहीतरी यायची वाट बघतेय, आणि निरोगी मशीनवर बहुतेक सगळ्या प्रोसेस एसमधेच असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टी म्हणजे थांबवलेली. आय दिसला तर तो कर्नलचा स्वतःचा निवांत बसलेला थ्रेड. खरं लक्ष द्यायचं ते डी आणि झेडकडे.

झेड म्हणजे झोंबी. लोक ह्याला उगाच घाबरतात आणि किल मायनस ९, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड, मारत बसतात. प्रोसेस मेलेलीच आहे, मेलेल्याला काय मारणार. तिची मेमरी गेली, फाईली बंद झाल्या, फक्त कर्नलच्या यादीत नोंद उरलीय, कारण पेरेंट प्रोसेसने अजून तिचा निकाल विचारलेला नाही. रेशनकार्डावरून गेलेल्या माणसाचं नाव कमी करायला कुटुंबप्रमुखाने अर्ज द्यावा लागतो ना, तसं. म्हणजे दोष पेरेंटचा, पीपीआयडीच्या ओळीत त्याचा नंबर आहेच, तिकडे जाऊन बघा तो का विसरला. पेरेंट बंद केलात की पोरं पीआयडी १ च्या किंवा त्याच्या हाताखालच्या सांभाळणाऱ्या प्रोसेसच्या ओट्यात जातात आणि नोंद निघून जाते.

डी जास्त गंभीर. डी म्हणजे प्रोसेस कर्नलच्या आत कशाची तरी वाट बघत अडकलीय, साधारण डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरची, आणि ती वाट बहुतेक वेळा मधेच तोडता येत नाही, म्हणून किल मायनस ९ पण चालत नाही. क्षणभर डी दिसणं नॉर्मल आहे, दोनदा तीनदा बघूनही तीच प्रोसेस डीमधे असेल तर मात्र शोध घ्यायचा. एका शेडमधे रोज संध्याकाळी मशीन मरगळायचं, लोड ॲव्हरेज, म्हणजे कामाच्या रांगेत सरासरी किती प्रोसेस, ९ च्या पुढे आणि सीपीयू मात्र जवळजवळ रिकामा. हे कोडं वाटतं पण लिनक्स लोड मोजताना डीवाल्या प्रोसेस पण धरतो, म्हणून लोड जास्त आणि सीपीयू मोकळा दिसला की लगेच डी शोधायचे. मी शोधले, बॅकअपची प्रोसेस आणि तिच्यामागे अडकलेल्या बाकीच्या. मग:

सुडो कॅट /प्रॉक/३३०२/डब्ल्यूचॅन

सुडो म्हणजे कमांड रूटच्या, मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या, हक्काने चालवणं. डब्ल्यूचॅन म्हणजे डब्ल्यू सी एच ए एन. ही फाईल कर्नलच्या कुठल्या फंक्शनमधे ती झोपलीय त्याचं नाव देते. अजून खोल हवं तर त्याच फोल्डरमधली स्टॅक नावाची फाईल, ती फक्त रूटला वाचता येते, तिच्यात फंक्शनांची पूर्ण साखळी येते. सगळी नावं कळायची गरज नाही, नावात ब्लॉक, यूएसबी, एनएफएस, ईएक्सटी४ असं काही ओळखीचं दिसलं तरी दिशा मिळते. तिथे डिस्ककडे बोट होतं, डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, डी एम ई एस जी, काढला तर बाहेरची यूएसबी डिस्क सारखी तुटून परत जोडली जात होती. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेने पोर्टच्या पिना हिरव्या पडलेल्या. केबल आणि पोर्ट बदलला, विषय संपला. त्याआधी दोन वेळा तिथे रॅम बदलून झाली होती, फुकटचा खर्च.

आता नावाची गंमत बघा. स्टेटसमधलं नाव आणि कॉम नावाच्या फाईलीतलं नाव, सी ओ डबल एम, हे जास्तीत जास्त १५ अक्षरांचं असतं, कर्नल १६ बाईट ठेवतो त्यातला शेवटचा शून्य. त्यामुळे लांब नावाची प्रोसेस अर्धवट दिसते आणि पीग्रेपने, म्हणजे नावावरून प्रोसेस शोधणाऱ्या कमांडने, पूर्ण नाव शोधलं की सापडत नाही, मग लोक म्हणतात प्रोसेस चालूच नाही. पीग्रेपला मायनस एफ, एफ स्मॉल, दिलं की तो पूर्ण कमांड लाईन बघतो. ती पूर्ण लाईन इथे:

कॅट /प्रॉक/२३१७/सीएमडीलाईन

इथे शब्द एकमेकांना चिकटलेले दिसतील. ती चूक नाही, शब्दांच्या मधे स्पेस नसून शून्य बाईट असतो, टर्मिनल तो दाखवत नाही. टीआर कमांडने शून्य बाईटच्या जागी नवी ओळ घातलीत की नीट दिसतं. ही फाईल रिकामी आली तर ती प्रोसेस झोंबी आहे नाहीतर कर्नलचा थ्रेड आहे, कर्नलच्या थ्रेडचा पीपीआयडी साधारण २ असतो.

ह्याच्यावरून एक कळकळीची विनंती. सीएमडीलाईन मशीनवरच्या कुठल्याही युजरला वाचता येते. बॅकअपच्या स्क्रिप्टमधे डेटाबेसचा पासवर्ड कमांडमधेच लिहिलेला मी कितीतरी ठिकाणी बघितलाय, तो स्क्रिप्ट चालू असेपर्यंत सगळ्यांना उघडा दिसतो. कृपा करून तसं करू नका, पासवर्ड फाईलीत ठेवा आणि त्या फाईलीची परवानगी फक्त मालकाला द्या. शेजारी एन्व्हिरॉन नावाची फाईल असते, ती तरी मालकाला आणि रूटलाच वाचता येते, पण तिच्यात दिसतं ते प्रोसेस सुरू झाली त्या वेळचं एन्व्हायर्नमेंट, नंतर प्रोग्रॅमने बदललेलं त्यात यायची खात्री नाही.

त्याच फोल्डरात ईएक्सई आणि सीडब्ल्यूडी नावाच्या दोन लिंक आहेत, पहिली सांगते कुठली बायनरी चाललीय आणि दुसरी सांगते प्रोसेस कुठल्या फोल्डरमधे उभी आहे. अपडेट केल्यावर ईएक्सईच्या पुढे डिलीटेड असं लिहून आलं तर समजायचं जुनीच बायनरी अजून मेमरीत चाललीय, सर्व्हिस परत सुरू करायची राहिलीय.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा, एफडीचा फोल्डर. फाईल डिस्क्रिप्टर, म्हणजे प्रोसेसने उघडून धरलेली प्रत्येक फाईल, सॉकेट, पाईप, इथे एकेका नंबरखाली लिंक म्हणून दिसते. ० म्हणजे इनपुट, १ आउटपुट, २ एरर, पुढे बाकीच्या.

गेल्या सीझनला एका बागायतदार काकांच्या शेडमधे लेबल छापणं दर पाच सहा दिवसांनी बंद पडायचं, डिस्क फुल म्हणून. रिस्टार्ट केला की डिस्क परत मोकळी. काका म्हणाले, "बाबा, रिस्टार्टने होतंय ना, मग राहू दे." पण मला ते राहू देववत नव्हतं, कारण ते बंद पडायचं नेमकं वाशीची गाडी भरायच्या वेळी, पोरं पेट्या बांधून तयार आणि लेबल नाही, आंबा काय थांबतो का कोणासाठी. शेवटी त्यांना शपथ घातली की पुढच्या वेळी बंद करायचं नाही, मला फोन करायचा, मी असेन तिथून येतो. फोन आला, गेलो. डीएफ मारलं तर डिस्क १०० टक्के भरलेली. डीयूने फोल्डरांची बेरीज केली तर त्याच्या निम्मी पण भरत नाही. म्हणजे जागा कोणीतरी खाल्लीय पण ती कुठल्याच फोल्डरात दिसत नाही. असा फरक दिसला की हे करायचं:

सुडो एलएस मायनस एल /प्रॉक/२३१७/एफडी

आणि यादीत शेवटी डिलीटेड लिहिलेली ओळ शोधायची. कुठली प्रोसेस ते माहीत नसेल तर आधी सुडोने रूटचं शेल उघडा आणि मग आकड्यांच्या सगळ्या फोल्डरांच्या एफडीवर एलएस मारून ग्रेपने डिलीटेड शोधा, कारण स्टारने नावं भरायचं काम सुडोच्या आधी तुमचंच शेल करतं आणि त्याला दुसऱ्याच्या एफडीत डोकावता येत नाही. एसएचएम, मेमएफडी वगैरे नावाच्या ओळी सोडून द्या, त्या मेमरीतल्या असतात.

सापडलं. लेबल छापणाऱ्या सर्व्हिसने ७ नंबरवर आपली लॉग फाईल, म्हणजे नोंदवही, धरून ठेवलेली आणि पुढे डिलीटेड. झालं असं की आधी कोणीतरी रात्री लॉग साफ करायचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावलेला, तो आरएमने फाईल उडवायचा. आता लिनक्समधे आरएम म्हणजे फक्त नाव पुसणं, जोपर्यंत एखादी प्रोसेस ती फाईल धरून आहे तोपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही. सर्व्हिस बिचारी नाव नसलेल्या फाईलीत लिहीतच राहिली, प्रिंटर ऑफलाईन असला की सेकंदाला कितीतरी ओळी एररच्या, आणि फोल्डरात बघणाऱ्याला मात्र लॉग रिकामा. रिस्टार्टने प्रोसेस मरायची, जागा सुटायची, परत पहिल्यापासून. रिस्टार्टने बरं होतंय असं वाटत होतं ते ह्याच्यामुळे, आणि खरं कारण दिसत नव्हतं ते पण ह्याच्यामुळेच.

फाईलीला नाव नसलं तरी /प्रॉक मधून ती वाचता येते हे लक्षात ठेवा, चुकून उडवलेली फाईलही प्रोसेस जिवंत असेल तर अशीच परत मिळते, कॅट करून दुसरीकडे लिहून घ्यायची. मी आधी टेल मायनस एन ५०० ने शेवटच्या ओळी पेनड्राईव्हवर घेतल्या, मग:

सुडो ट्रंकेट मायनस एस ० /प्रॉक/२३१७/एफडी/७

डिस्क जागच्या जागी मोकळी, सर्व्हिस बंद न करता, आणि लेबलं सुरू. ही कमांड मारताना नंबर तीनदा तपासा, चुकीच्या नंबरवर डेटाबेसची फाईल असेल तर ती शून्य होईल. नंतर तो क्रॉन काढून लॉगरोटेट, म्हणजे लॉग वेळोवेळी आवरणारं टूल, लावलं कॉपीट्रंकेटच्या पर्यायासह, म्हणजे फाईल न उडवता तिची कॉपी काढून तीच रिकामी करायची. उरलेला सीझन तिथून त्या कारणाने फोन आला नाही.

एफडीचा अजून एक उपयोग, एलएस करून डब्ल्यूसी मायनस एलने मोजायचे किती आहेत, आणि लिमिट्स नावाच्या फाईलीत मॅक्स ओपन फाईल्सची ओळ बघायची. तिथे १०२४ असेल आणि तुमची मोजणी हजाराच्या वर गेली असेल तर प्रोग्रॅम फाईली उघडतोय आणि बंद करत नाहीये. दर दहा मिनिटांनी मोजून आकडे लिहा, चढताच राहिला तर गळती पक्की.

सीपीयूकडे येतो. इथे लोक फार फसतात. पीएस जो सीपीयूचा टक्का दाखवतो तो प्रोसेस जन्मल्यापासूनची सरासरी असते. सकाळपासून शांत असलेली प्रोसेस आत्ता दहा मिनिटं पूर्ण सीपीयू खातेय तरी पीएसमधे २ टक्के दिसेल. टॉप मात्र थोड्या थोड्या वेळाने दोनदा मोजून फरक दाखवतो, फक्त त्याचा पहिला स्क्रीन भरवशाचा नसतो, दुसऱ्यापासून बघा. हेच हाताने करायचं तर स्टॅट नावाची फाईल, स्टेटस नाही, स्टॅट. ती एका ओळीत ५२ आकडे ओतते. १४ वा म्हणजे प्रोसेसने स्वतःच्या कोडमधे घालवलेला वेळ, १५ वा तिच्यासाठी कर्नलने घालवलेला. वेळ सेकंदात नसतो, टिकमधे असतो, आणि एका सेकंदाला किती टिक ते गेटकॉन्फ सीएलके अंडरस्कोर टीसीके मारून कळतं, सीएलके टीसीके कॅपिटलमधे, उत्तर जवळजवळ नेहमी १०० येतं.

समजा आत्ता १४ आणि १५ ची बेरीज ४८२१० आली, दहा सेकंद थांबून परत वाचलं तर ४८९६०. फरक ७५०, म्हणजे साडेसात सेकंद, दहापैकी, म्हणजे एका कोअरचे ७५ टक्के. एवढंच गणित आहे. प्रोसेसचे अनेक थ्रेड असतील तर १०० च्या वर जाऊ शकतं, आणि कुठला थ्रेड खातोय ते टास्क नावाच्या फोल्डरात प्रत्येक थ्रेडचा वेगळा स्टॅट असतो तिथे बघायचं.

स्टॅट वाचणारा स्क्रिप्ट लिहिणार असाल तर एक खड्डा आहे. दुसरा शब्द म्हणजे प्रोसेसचं नाव, ते कंसात असतं, आणि नावात स्पेस असू शकते, कंस पण असू शकतो. सरळ स्पेसवर तोडून चौदावा शब्द उचलला की एखाद्या दिवशी भलताच आकडा येतो आणि तुम्हाला कळतही नाही. ओळीतला शेवटचा बंद होणारा कंस शोधायचा आणि त्याच्या पुढून मोजायचं, पुढचा पहिला शब्द म्हणजे तिसरा. मी स्वतः हे न पाळता लिहिलेला स्क्रिप्ट दोन सीझन वापरला आणि मग एका दिवशी नावात स्पेस असलेली प्रोसेस आली, त्या दिवशीचा अर्धा वेळ त्यातच गेला.

मेमरीचं थोडक्यात. स्टेटसमधे व्हीएमसाईज म्हणजे प्रोसेसने मागून ठेवलेला पत्त्यांचा पसारा, तो बघून घाबरायचं नाही, त्यातला बराच भाग वापरात नसतोच. व्हीएमआरएसएस म्हणजे आत्ता खरोखर रॅममधे किती. पण दहा प्रोसेस एकच लायब्ररी वाटून वापरत असतील तर ती प्रत्येकीच्या आरएसएसमधे पूर्ण मोजली जाते, बेरीज केली तर मशीनच्या रॅमपेक्षा जास्त पण येऊ शकते. खरा वाटा हवा तर स्मॅप्स अंडरस्कोर रोलअप फाईल वाचा, एस एम ए पी एस, कर्नल ४.१४ पासून आहे, त्यातली पीएसएसची ओळ सामायिक पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, जितके वापरतात तितक्यात भागून देते. सामायिक विहिरीचं पाणी सगळ्या घरांच्या नावावर पूर्ण लिहायचं की वाटून, तेवढा फरक.

आता काही गोष्टी ज्या माहीत नसल्या तर बरोबर माहिती मिळूनही चुकीचा निष्कर्ष निघतो. पहिली, सगळे फोल्डर एकामागून एक वाचणं म्हणजे फोटो काढणं नव्हे. जेटीवर उभं राहून होड्या मोजताना पहिल्या टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत दोन सुटलेल्या असतात आणि एक आलेली असते. तसंच इथे, यादी घेतली तेव्हा असलेली प्रोसेस तुम्ही फाईल उघडेपर्यंत संपलेली असते. स्क्रिप्टने अशा वेळी एरर देऊन थांबायचं नाही, पुढच्या नंबरवर जायचं.

दुसरी, पीआयडी परत वापरले जातात. शेडमधले नंबर घातलेले प्लास्टिकचे क्रेट बघा, २१२ नंबरच्या क्रेटमधे सकाळी एकाचा आंबा, संध्याकाळी दुसऱ्याचा. नुसता २१२ लिहून ठेवला तर हिशेब चुकणार, वेळ पण लिहायला हवी. प्रोसेससाठी ती वेळ स्टॅटमधल्या २२ व्या जागी आहे, मशीन सुरू झाल्यापासून किती टिकनंतर ही जन्मली. पीआयडी आणि ही वेळ अशी जोडी धरलीत की ओळख पक्की. खासकरून नंबर कागदावर लिहून चहा पिऊन येऊन मग किल मारणार असाल तर आधी ही जोडी जुळवून बघा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी कर्नल ५.३ पासून पीआयडीएफडी अंडरस्कोर ओपन नावाचा सिस्टीम कॉल आहे, त्याने धरलेली प्रोसेस तीच राहते, नंबर दुसऱ्याला गेला तरी फसगत होत नाही.

तिसरी, परवानगी. स्टेटस, स्टॅट, सीएमडीलाईन साधारण कोणीही वाचू शकतो, एफडी, एन्व्हिरॉन, आयओ, मॅप्स ह्यांना मालक किंवा रूट. आणि /प्रॉक माउंट करताना हाईडपीआयडी नावाचा पर्याय लावलेला असेल तर, १ असला की दुसऱ्यांच्या फोल्डरात शिरता येत नाही, २ असला की दुसऱ्यांचे फोल्डर दिसतच नाहीत. पोरं मला विचारतात की मोबाईलवर टर्मक्स नावाचं टर्मिनलचं ॲप टाकलं पण पीएसमधे फक्त माझ्याच दोन चार प्रोसेस का येतात, त्याचं उत्तर हेच, अँड्रॉइड ७ पासून गूगलने /प्रॉक हाईडपीआयडी २ लावून ठेवलंय. सरावासाठी टर्मक्स तरीही चांगलं आहे, स्वतःच्या प्रोसेसवर वरचं बरंचसं करून बघता येतं, घरी लॅपटॉप नसला तरी.

मॅकवर /प्रॉक नाही, तिथे प्रोग्रॅमला सिसकंट्रोल किंवा लिबप्रॉक वापरून कर्नलला विचारावं लागतं. फ्रीबीएसडीवर पण मुख्य रस्ता सिसकंट्रोलचाच. विंडोजवर टास्कलिस्ट कमांड, आणि प्रोग्रॅममधून टूलहेल्पचा स्नॅपशॉट. तपशील वेगळे पण विचारायच्या गोष्टी त्याच, कोण आहे, कोणाच्या पोटची, कशाची वाट बघतेय, काय धरून बसलीय.

शेवटी, मशीन अडलंय आणि ट्रकवाला हॉर्न मारतोय, एवढं सगळं बघायला वेळ नाही, तर रिस्टार्टच्या आधी दोन मिनिटं द्या आणि नुसतं गोळा करून ठेवा. पेनड्राईव्हवर एक फोल्डर करा, तारीख वेळ टाकून. त्यात पीएस मायनस ईओ लावून पीआयडी, पीपीआयडी, स्टॅट, डब्ल्यूचॅन, आरएसएस आणि एआरजीएस ह्यांची यादी, मधे स्वल्पविराम, स्पेस न देता. मग डीएफ, डीमेसेज आणि /प्रॉक/लोडॲव्हजी, एल ओ ए डी ए व्ही जी. ज्या प्रोसेसवर संशय आहे तिच्या स्टेटस, स्टॅट, सीएमडीलाईन, डब्ल्यूचॅन, स्टॅक, लिमिट्स, आयओ ह्या फाईली कॅट करून वेगवेगळ्या लिहा, आणि तिच्या एफडीवर एलएस मायनस एलची यादी. स्टॅट दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्या, नाहीतर सीपीयूचं गणित मला घरी बसून करता येत नाही. हे सगळं मी एका छोट्या स्क्रिप्टमधे बांधून प्रत्येक शेडच्या डेस्कटॉपवर ठेवलंय, पोरांनी फक्त नंबर द्यायचा.

आणि लिहून झालं की सिंक मारून मगच पेनड्राईव्ह काढा, मे महिन्यात वळवाची एक सर आली की लाईट कधी जाईल सांगता येत नाही.